मदत हवी आहे: पीसीवर माझं जुनं काहीच दिसत नाहीये, सगळं पहिल्यापासून सुरू झालं

रात्रपाळी
चार वर्षं कन्सोलवर खेळतोय, गेल्या आठवड्यात पीसी घेतला. गेम उतरवला, लॉगिन केलं, तर पात्र नाही, रँक नाही, जग नाही. माहितीत स्पष्ट लिहिलंय की क्रॉस-प्लॅटफॉर्म आहे. मग माझं जुनं गेलं कुठे? दोनशेच्या वर तास आहेत त्यात. पीसी बंद-चालू केला, गेम काढून परत टाकला, तरी तेच. शनिवारी भाच्याबरोबर आणि एका मित्राबरोबर खेळायचं ठरलंय, त्याआधी हे सुटायला हवं. ज्याला माहीत असेल त्याने नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

निळी_शाई
कुठला गेम?

सरळरेघ
आणि कुठला कन्सोल? पीसीवर गेम कुठल्या ऑनलाइन दुकानातून घेतला, स्टीमवरून की एपिकवरून? भाचा आणि मित्र कशावर खेळतात?

खडखडाट
स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, क्लाउडचा (ऑनलाइन साठवणीचा) पर्याय चालू करा. माझ्या लॅपटॉपवरच्या सगळ्या सेव्ह (साठवलेली प्रगती) डेस्कटॉपवर अशाच आल्या. दोन मिनिटांचं काम आहे.

सरळरेघ
@खडखडाट, ते पीसीवरून पीसीवर. स्टीमचा क्लाउड कन्सोलवरची सेव्ह आणत नाही. त्यांना कन्सोलवरून आणायचंय.

रात्रपाळी
कन्सोल पीएस4, म्हणजे प्लेस्टेशन 4 आहे. लॉगिन केलंय असं लिहिलंय मी, म्हणजे खातं बरोबरच आहे. पीएस प्लस ही प्लेस्टेशनची वर्गणी पण आहे, सेव्ह तिथे चढलेल्या दिसतात. त्या इकडे का उतरत नाहीत एवढंच विचारतोय.

हॅंडहेल्डप्रेमी
पीसीऐवजी हातात धरून खेळायचा स्टीम डेक घ्यायला हवा होता. 2022 मध्ये आला तेव्हापासून वापरतोय. डेस्कवर एक, हातात एक, सेव्ह एकच. अजूनही बदलता येत असेल तर बदला.

निळी_शाई
रात्रपाळी, गेमचं नाव लिहा. त्याशिवाय कोणीही अंदाजच करणार.

रात्रपाळी
तीन आहेत. एल्डन रिंग, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट. तिन्हीला एकच अडचण आहे म्हणून वेगळं लिहिलं नव्हतं. भाचा निन्टेन्डोच्या स्विचवर, मित्र एक्सबॉक्सवर.

सरळरेघ
तिन्हीला एक अडचण नाही. दिसायला सारखी, पण कारणं तीन वेगळी आहेत. 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' या एका शब्दात लोक तीन गोष्टी कोंबतात. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या लोकांनी एकत्र खेळणं हा क्रॉस-प्ले. आपली प्रगती एका यंत्रावरून दुसऱ्यावर येणं हा क्रॉस-सेव्ह. एकदा विकत घेतलं की दोन्हीकडे मिळणं हे तिसरंच. एक असलं म्हणून दुसरं असतंच असं नाही.

एल्डन रिंगमध्ये वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांमध्ये यातलं एकही नाही. पीएस4 आणि पीएस5 वाले एकमेकांना भेटतात, एक्सबॉक्सच्या दोन पिढ्या एकमेकांना भेटतात, पीसीवाले फक्त पीसीवाल्यांना. सेव्ह पीएस4 वरून पीएस5 वर नेता येते, पीसीवर नाही. त्यामुळे तुमचा एक्सबॉक्सवाला मित्र तुम्हाला पीएस4 वरूनही भेटला नसता. पीएस प्लसवर चढलेली सेव्ह प्लेस्टेशनपुरतीच असते, ती पीसीला दिसत नाही.

रॉकेट लीगमध्ये क्रॉस-प्लेही आहे आणि प्रगतीही सोबत येते. तिथे खात्याचा घोळ असणार. माइनक्राफ्टसाठी पीसीवर जावा उघडलंय की बेडरॉक, ते सांगा.

रात्रपाळी
म्हणजे एल्डन रिंगचे दोनशे तास गेले? असं कसं? विचर 3 चं तर सगळीकडे चालतं म्हणतात. मी पीसीवर पुन्हा विकत घेतलाय तो गेम, फुकट मागत नाहीये.

माइनक्राफ्टमध्ये जावा-बेडरॉक काय ते मला नाही माहीत. लाँचरमध्ये पहिलं होतं ते उघडलं.

निळी_शाई
तास गेले नाहीत, पीएस4 वर आहेत. कन्सोल विकू नका.

विचर 3 चं उदाहरण बरोबर आहे, पण ते बनवणाऱ्यांनी वेगळी मेहनत घेतली म्हणून. आधी 2020 मध्ये स्विच आणि पीसी यांच्यात सेव्हची ये-जा सुरू केली आणि 2022 च्या डिसेंबरच्या मोठ्या अपडेटमध्ये पीएस5 आणि एक्सबॉक्स सिरीजही त्यात आणले. बाल्डर्स गेट 3 मध्ये तो बनवणाऱ्या लॅरियनचं खातं जोडलं की सेव्ह इकडून तिकडे जाते. मी तो गेम अर्धा पीसीवर आणि अर्धा पीएस5 वर खेळले, एकदाही सेव्ह हरवली नाही. तरी एकत्र खेळायची सोय त्यात 2025 च्या एप्रिलमध्ये, आठव्या पॅचबरोबर आली. म्हणजे तिथे क्रॉस-सेव्ह आधी होता आणि क्रॉस-प्ले बऱ्याच उशिरा.

जुना_खेळिया
आजकालच्या मुलांना वाटतं हे सगळं नवीन आहे. फायनल फँटसी 11 मध्ये 2002 पासून पीएस2 आणि पीसीवाले एकाच सर्व्हरवर होते, 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 वालेही त्यात आले. यंत्रांना तेव्हाही काही अडचण नव्हती. अडवणारे होते ते यंत्र विकणारे. फोर्टनाइटचं आठवा. 2018 च्या जूनमध्ये तो स्विचवर आला आणि ज्यांचं खातं प्लेस्टेशनला जोडलेलं होतं त्यांना तिथे आतच जाता येईना. लोकांनी इतकं उचलून धरलं की प्लेस्टेशनवाल्या सोनीला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रॉस-प्लेची चाचणी सुरू करावी लागली. आज भाच्यासोबत खेळता येतंय ते त्या ओरड्यामुळे.

खडखडाट
क्रॉस-प्ले आला आणि नेमबाजीचे गेम बिघडले हेही लिहा. कन्ट्रोलरवाल्यांना एम असिस्ट (नेम धरायला गेमचीच मदत) मिळतो, आम्ही माउसवर मनगट दुखेपर्यंत सराव करायचा. मी तर जिथे बंद करता येतो तिथे क्रॉस-प्ले बंदच ठेवतो.

हॅंडहेल्डप्रेमी
माउसवाल्यांची नेहमीची तक्रार. अंगठ्याने नेम धरून दाखवा एकदा, मग एम असिस्ट का लागतो ते कळेल.

खडखडाट
मग माउस घ्या. कोणी अडवलंय?

सरळरेघ
दोघांनी वेगळा धागा काढा, खरंच. रॉकेट लीगमध्ये नेमच नाही धरायचा. तिथे स्पर्धांमधले बहुतेक खेळाडू कन्ट्रोलरच वापरतात. रात्रपाळी, पीएस4 चा कन्ट्रोलर केबलने पीसीला जोडा, हाताची सवय मोडायला नको.

विनोदी_नाही
एल्डन रिंगसाठी सेव्ह एडिटर मिळतात. नवीन पात्र करायचं, लेव्हल आणि शस्त्रं भरून घ्यायची. अर्ध्या तासात दोनशे तास परत.

निळी_शाई
कृपया हे करू नका. पीसीवर तो गेम ईझी अँटी-चीट हा फसवणूक पकडणारा प्रोग्राम वापरतो, आणि फेरफार केलेली सेव्ह पकडली गेली तर ऑनलाइन खेळणं बंद होऊ शकतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेव्हल भरून घेतलेल्या पात्रात तुमचं काय उरतं? मलेनिया या बॉसला (तगड्या शत्रूला) हरवायला मला अकरा रात्री लागल्या. त्या रात्री माझ्या आहेत. आकडा भरून त्या मिळत नाहीत.

विनोदी_नाही
ज्याला नोकरी करून रोज तासभर मिळतो त्याने काय करायचं? ऑफलाइन खेळायचं असेल तर काय बिघडलं? प्रत्येकाला अकरा रात्री नसतात.

निळी_शाई
ऑफलाइन खेळायचं असेल तर ज्याची त्याची मर्जी, ते मान्य. पण त्यांना मित्रासोबत खेळायचंय, म्हणून म्हटलं.

रात्रपाळी
मला एडिटर नकोय. आणि मित्र एक्सबॉक्सवर आहे, म्हणजे एल्डन रिंगमध्ये तो तसाही येणार नाही असं कळलं. शनिवारचा प्रश्न रॉकेट लीग आणि माइनक्राफ्टचा आहे. रॉकेट लीगमध्ये नक्की कुठे काय दाबायचं? स्टीमवर शोधला तर मिळाला नाही, म्हणून एपिकवरून घेतला. त्यातच गडबड झाली का?

खडखडाट
स्टीमवर असायलाच हवा. मी स्टीमवरूनच खेळतो.

सरळरेघ
तुम्ही जुने आहात. 2020 च्या सप्टेंबरमध्ये गेम फुकट झाला तेव्हापासून नवीन माणसाला तो स्टीमवर मिळत नाही, एपिकवरूनच घ्यावा लागतो. त्यात काही चुकलेलं नाही.

रात्रपाळी, पीसीवर एपिकचं खातं कसं केलं? नवीन ईमेल टाकून?

रात्रपाळी
हो. विचारलं म्हणून ईमेल टाकला आणि पासवर्ड केला. नाव तेच ठेवलं जे प्लेस्टेशनवर आहे.

सरळरेघ
सापडलं. नाव सारखं असलं तरी खातं नवीन आहे. पीएस4 वर रॉकेट लीग पहिल्यांदा उघडला तेव्हाच एपिकचं एक खातं तुमच्या प्लेस्टेशन खात्याला जोडलं गेलं असणार, तुमच्या लक्षात राहिलं नाही इतकंच. सगळी रँक आणि गाड्या त्यात आहेत.

पीसीवर एपिकमधून लॉग आउट करा. परत लॉगिन करताना ईमेल टाकू नका. खाली प्लेस्टेशनचं चिन्ह असतं, त्यावर दाबा आणि प्लेस्टेशनचा ईमेल-पासवर्ड द्या. जुनं खातं स्वतःहून उघडेल. मग रॉकेट लीग सुरू करा.

जोडणी तोडायची घाई अजिबात करू नका. एक प्लेस्टेशन खातं एका वेळी एकाच एपिक खात्याला जोडलेलं राहतं. रागाच्या भरात तोडून नव्या खात्याला जोडलं की निस्तरायला फार वेळ जातो. माझ्या धाकट्या भावाने तेच केलं होतं.

ठोकळा_ठोकळा
माइनक्राफ्टबद्दल मी सांगते. लाँचरमध्ये पहिलं दिसलं म्हणजे बहुतेक जावा उघडलंत. पीएस4 वर आणि स्विचवर असतं ते बेडरॉक. हे दोन वेगळे गेमच समजा, जावावाला बेडरॉकवाल्याच्या जगात जात नाही. 2022 च्या जूनपासून पीसीवर एक विकत घेतलं की दोन्ही मिळतात, त्यामुळे परत पैसे लागणार नाहीत. त्याच लाँचरमध्ये बेडरॉक निवडा.

पण तेवढ्याने जुनं जग दिसणार नाही, कारण ते पीएस4 च्या आतच साठवलेलं आहे. महिन्याभरासाठी रेल्म, म्हणजे भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर, घ्या. पीएस4 वर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून रेल्मच्या सेटिंगमध्ये 'जग बदला' असा पर्याय आहे, तिथून तुमचं जग वर चढवा. पीसीवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने बेडरॉक उघडून तेच रेल्म उतरवून घ्या. माझ्या मुलीचं तीन वर्षांचं गाव मी असंच आणलं. बोकड, पूल, दिवे, सगळं जागच्या जागी होतं. ती रडायचीच बाकी होती.

भाच्याला आमंत्रण पाठवा, तो स्विचवरून त्याच रेल्ममध्ये येईल. त्याचंही मायक्रोसॉफ्ट खातं लागेल आणि स्विचची ऑनलाइन वर्गणी लागेल. रॉकेट लीग फुकटचा आहे, त्याला ती वर्गणी लागत नाही.

रेडस्टोनवाला
बेडरॉक शिकवू नका हो कोणाला. खरं माइनक्राफ्ट जावाच. रेडस्टोनची (गेममधल्या विजेसारख्या वस्तूची) अर्धी यंत्रं बेडरॉकवर चालत नाहीत, तलवारीच्या दोन वारांमधला कूलडाउन (थांबा) नाही, मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) नावाला. पीसी घेतलाय तर जावा शिका.

ठोकळा_ठोकळा
स्विचवरच्या भाच्याला जावात कसं आणायचं ते सांगा मग. रेडस्टोनचं तुमचं बरोबर आहे, मी स्वतः एकटी असते तेव्हा जावाच खेळते. पण ज्याच्याबरोबर खेळायचंय त्याच्या हातात जे यंत्र आहे तेच आपलं.

रात्रपाळी
आत्ताच करून पाहिलं. प्लेस्टेशनच्या चिन्हावरून लॉगिन केलं आणि रॉकेट लीग जसाच्या तसा उघडला. रँक, गाडी, माझा जुना निळा रंगसुद्धा. सरळरेघ, खूप खूप आभार. आधीच गेमची नावं लिहायला हवी होती, चुकलंच.

माइनक्राफ्टचं जग चढतंय, मोठं आहे म्हणून वेळ घेतंय. ठोकळाताई, भाच्याचं मायक्रोसॉफ्ट खातं बहिणीला करायला सांगितलंय.

एल्डन रिंगचं मात्र मन मानत नाही. पीसीवर परत घेतलाय, परत करावा का? की नव्याने सुरू करू?

जुना_खेळिया
परत करा. पीसीवरही सेकंदाला 60 फ्रेमच्या वर जात नाही तो.

निळी_शाई
ठेवा. पीएस4 वर 30 च्या आसपासच मिळत होते, फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवेल. आणि दुसऱ्यांदा दोनशे तास लागत नाहीत. वाटा पाठ आहेत, कुठल्या बॉसला टाळायचं ते माहीत आहे, टॉरंट हा घोडा कुठे मिळतो ते माहीत आहे. पहिल्या वेळी कुठल्या वर्गाच्या पात्राने खेळलात?

रात्रपाळी
व्हॅगाबॉन्ड. पूर्ण वेळ ढालीमागे.

निळी_शाई
मग या वेळी अ‍ॅस्ट्रोलॉजर. जादूने खेळल्यावर तोच नकाशा वेगळा दिसतो.

खडखडाट
समुराई घ्या. सुरुवातीलाच उचिगाताना तलवार आणि धनुष्य मिळतं.

रात्रपाळी
समुराई. माइनक्राफ्टचं जग चढेपर्यंत तेच सुरू करतो.