लहान मुलांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि दिवाळीपासून लहान मुलांचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. नवजात बाळ पहिल्या दोन आठवड्यांत गाढ झोपते, म्हणून फोटोंसाठी तेच दिवस उत्तम; पण आपल्याकडे सव्वा महिना बाळाला बाहेर नेत नाहीत, त्यामुळे मी घरी जाऊन खिडकीच्या उजेडात, ५० मिमी लेन्सने आणि फ्लॅश न वापरता काम करते. बारसे आणि बोरन्हाणाची कामे ओळखीतून मिळतात, मात्र ओळखीमुळेच पैसे मागताना संकोच होतो. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, की दर तासावर ठरवावा की निवडलेल्या फोटोंवर, आणि बाळाचे फोटो जाहिरातीसाठी वापरण्याची पालकांची लेखी संमती कामाआधी घ्यावी की फोटो दाखवल्यावर?