लॉक आजच्या बार्जसाठी बांधायचं की पन्नास वर्षांनंतरच्या?

झुवारीकाठ, वास्को
मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, सगळीकडे भरतीचं पाणी खेळतं. त्यामुळे आपल्या गोव्यातल्या बार्जवाल्यांना (बार्ज म्हणजे माल वाहणारी सपाट तळाची बोट) लॉक माहीत नाही. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली टाकी, पाण्याची पातळी कमीजास्त करून जहाज वर-खाली नेणारी. पण इथल्या यार्डात बांधलेली बार्ज उद्या गंगेवर जाणार असेल, तर ती किती रुंद असावी हे बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्याचं लॉक ठरवणार. म्हणून हा विषय आपलाही आहे.

माझं मत स्पष्ट आहे. लॉकचे दरवाजे बदलता येतात, पंप-मोटारी बदलता येतात. दोन भिंतींमधली रुंदी आणि दरवाज्याखालच्या उंबरठ्याची खोली मात्र एकदा काँक्रीट पडलं की कायमची. या दोन गोष्टींत काटकसर करू नये. पनामा कालव्याची 1914 ची लॉकं 33.5 मीटर रुंद होती. शंभर वर्षं जगभरच्या जहाजबांधणीने त्या मापाला मान तुकवली, शेवटी 2016 मध्ये 55 मीटरची नवी लॉकं सुरू झाली. उत्तर अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स जलमार्गाची लॉकं 1959 साली खुली झाली, रुंदी 24.4 मीटर. कंटेनरचं युग तेव्हा नुकतंच उजाडत होतं आणि आजची मोठी सागरी जहाजं तिथे शिरूच शकत नाहीत.

खाजनशेती, दिवाडी
पन्नास वर्षांनंतरचं जहाज कुणी पाहिलंय? 2012 च्या आधी मांडवीत खनिजाच्या बार्जची रांग असायची. त्या भरात कुणी अंदाज बांधला असता तर वाहतूक दुप्पट होणार असाच बांधला असता. खाणी बंद झाल्या आणि बार्ज नांगरून पडल्या. अंदाज चुकला की काँक्रीट पडून राहतं, कर्ज मात्र फेडावंच लागतं.

शिवाय मोठं लॉक म्हणजे प्रत्येक खेपेला जास्त पाणी. पनामात ते गाटुन तलावाचं गोडं पाणी असतं. नव्या लॉकांशेजारच्या कुंडांमुळे 60 टक्के पाणी पुन्हा वापरता येतं, तरी 2023 च्या दुष्काळात रोजची जहाजं कमी करावीच लागली. जहाजाला नदीच्या मापाचं करा, नदीला जहाजाच्या मापाची कशाला?

झुवारीकाठ, वास्को
खाणीचा दाखला मला मान्य नाही. तिथे न्यायालयाच्या आदेशाने काम थांबलं, त्याचा जहाजाच्या आकाराशी संबंध नाही. वाहतूक किती वाढेल हे सांगता येत नाही, हे खरं. पण लॉक अपुरं पडलं की काय होतं ते वरच्या मिसिसिपीवर रोज दिसतं. 1930 च्या दशकातली बहुतेक लॉकं 183 मीटर लांब, आजचा पंधरा बार्जांचा ताफा 365 मीटरच्या आसपास. ताफा मधोमध तोडून दोन खेपांत पार करावा लागतो, मागचे ताटकळतात.

तराफा, फोंडा
दोघेही एकाच लॉकचा विचार करताय. पहिलं लॉक आजच्या गरजेचंच बांधा, पण शेजारची जमीन दुसऱ्यासाठी राखून ठेवा आणि तिथे इमारत उठू देऊ नका. उंबरठा तेवढा आताच खोल घ्या. पनामात अमेरिकेने 1939 ला तिसऱ्या लॉकांचं काम हाती घेतलं, 1942 ला युद्धामुळे सोडलं. त्यातल्या खोदाईचा बराच भाग सत्तर वर्षांनी नव्या कामात वापरला गेला. फरक्क्यालाही शेवटी जुन्या लॉकशेजारी नवं बांधावंच लागलं.

खाजनशेती, दिवाडी
जमीन राखणं मला पटतं, त्यात नदीचं नुकसान नाही. खोल उंबरठ्याला मात्र भरतीच्या पट्ट्यात माझा विरोध राहील. खारं पाणी जड, ते तळाने आत सरकतं. हॉलंडमध्ये आयमुइडनला 500 मीटर लांब, 70 मीटर रुंद लॉक 2022 मध्ये सुरू झालं, आणि आत येणारं खारं पाणी परत समुद्राकडे काढायला वेगळं बांधकाम करावं लागलं. हॉलंडला ते परवडतं. आमची खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, बांधावर आणि मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या) लाकडी दारांवर उभी आहेत. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. केरळात तण्णीरमुक्कमचा बंधारा खारं पाणी अडवायला बांधला, त्यात बोटींसाठी लॉकही ठेवलं. भातशेतीला फायदा झाला, पण वेंबनाड तलावातल्या मासळीची ये-जा अडली आणि दारं कधी उघडायची यावर शेतकरी-मच्छीमारांचा वाद अजून चालतो.

तराफा, फोंडा
मग खाऱ्या पाण्याचा हिशेब लॉकच्या आराखड्यातच हवा, बांधून झाल्यावर नको. आणि तो करताना टेबलावर जहाजवाल्यांच्या बरोबरीने शेतकरी आणि मच्छीमारही बसलेले हवेत.

झुवारीकाठ, वास्को
बसू देत, मीही तेच मागेन. पण रुंदीवर मी मागे हटणार नाही. जमीन राखली तरी दुसरं लॉक उभं राहायला वर्षं लागतात, तोवर माल ट्रकने रस्त्यावर येतो. उसगाव, कुडचडे भागातल्या लोकांना विचारा, खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं काय होतं ते.