चादर कारखान्यात पाच दिवसांचा 'नमुना-आठवडा': करावा की नाही?

धागा सुरू करणारा (चादर कारखान्यात डिझाइन बघतो, सोलापूर)
आमच्याकडं नवी चादर काढायची म्हटलं की चर्चा लांबत जाते आणि शेवटी जुनीच मोराची नक्षी नव्या रंगात निघते. मी टीमपुढं एक प्रस्ताव ठेवलाय. 'डिझाइन स्प्रिंट' नावाची पाच दिवसांची पद्धत वापरून बघायची. जेक नॅप यांनी २०१० साली गुगलमध्ये ती बसवली आणि पुढं गुगल व्हेंचर्स या गुगलच्या गुंतवणूक कंपनीत पक्की केली. सोमवारी प्रश्न ठरवायचा, मंगळवारी प्रत्येकानं आपापला आराखडा काढायचा, बुधवारी एक निवडायचा, गुरुवारी नमुना, शुक्रवारी पाच गिऱ्हाइकांच्या हातात. आमचा प्रश्न: घरच्या वॉशिंग मशीनमध्ये धुता येईल अशी हलकी सोलापुरी चादर लोक घेतील का?

मागमालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी
माझा विरोध आहे. मोबाइलच्या अ‍ॅपला हे जमतं, चार स्क्रीन जोडल्या की नमुना तयार. आपल्याकडं नक्षी आधी आलेखावर उतरवा, मग जकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करा. ताणा, म्हणजे उभे धागे, बदलायचा तर बीमवरचे (ताणा गुंडाळलेल्या रुळावरचे) हजारो धागे पुन्हा जोडा. बुधवारी ठरवून गुरुवारी चादर निघत नाही. आणि सगळी माणसं खोलीत बसली तर हातातली ऑर्डर कोण पुरी करणार?

धागा सुरू करणारा
काका, ताण्याला हातच लावायचा नाही. चालू बीमवर बाणा, म्हणजे आडवा धागा, बारीक सुताचा घालू, इंचातले बाण्याचे धागे कमी करू. वजन उतरल्यावर ऊब राहते का, एवढंच त्या तुकड्यातून बघायचं. नक्षी वेगळी, कापडावर खऱ्या मापात छापून पलंगावर पसरू. दोन प्रश्न, दोन नमुने. आज आपण पत्ते पंच करून, पूर्ण लॉट विणून मग गिऱ्हाइकाला विचारतो. नापसंत झाला की माल गोदामात पडतो. त्यापेक्षा एक माग थोडा वेळ थांबलेला मला परवडेल.

जॉबर (मागांची देखरेख करणारा)
दादा, तुमच्या आठवड्यात विणकर कुठाय? मजुरी नगावर हाय. माग थांबला की त्याचा पगार थांबतोय. गुरुवारी बोलावणार, "हे विण" म्हणणार, आणि नग कमी पडले की त्याच्याच हिशेबातनं जाणार. बारीक बाणा घातल्यावर धागा कुठं तुटतो, किनार कुठं ओढते, हे विणकराला सोमवारीच ठाऊक असतंय. त्याला न विचारता बुधवारी निवडणार कसं? पाची दिवसांची रोजी आधी कबूल करा, मग बोलू.

चादरींचं दुकान सांभाळणारी
मला शुक्रवार खटकतो. पाच माणसं पुरतात हे याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलं, पण ते वेबसाइट वापरताना येणाऱ्या अडचणी शोधण्याबद्दल होतं. चादर घेताना एकाच घरात सासूला वजनदार हवी असते आणि सुनेला हलकी. वजन म्हणजे टिकाऊपणा, असं मानूनच आमची निम्मी गिऱ्हाइकं चादर हातात तोलून घेतात. शिवाय रंग जातो का, चादर आटते का, हे एका दुपारी कळत नाही. मशीनमध्ये धुण्यासाठी म्हणून विकायची आणि धुऊनच बघायची नाही?

धागा सुरू करणारा
ताई, धुण्याचं बरोबर आहे. शुक्रवारी फक्त लोकांना हवी आहे का ते बघू. पसंत पडली तरच तुकडा पुन्हा पुन्हा धुवायला घालू, तोवर पत्ते पंच करायचे नाहीत. आणि विणकर सोमवारपासून खोलीत, रोजीसकट, हे मी प्रस्तावात पहिल्या ओळीत घालतोय. त्याशिवाय हा आठवडा घेऊ नये असं माझंच मत झालंय.

मागमालक
रोजी द्यायला ना नाही. पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हे ठेवू नका, माणसं मिळायची नाहीत. आणि हलकी चादर सोलापुरी म्हणून खपेल, हे मला अजून पटलेलं नाही. एक माग देतो, बीम तोडायचा नाही, या अटीवर.

जॉबर
विणकर कोण घ्यायचा ते मी सांगतो. रोजीचा आकडा तेवढा लिहून पाठवा.