रतलामचे ‘चीनवाले डॉक्टरसाहेब’ कोण?

छावनीकर, इंदूर
आमची आत्या १९६०च्या सुमारास रतलामच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. आता ८७ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख. परवा टीव्हीवर चीनची बातमी लागली तशी म्हणाली, “आमचे डॉक्टरसाहेब तिथलेच.” मी म्हटलं, अगं ते तर कॅनडाचे गोरे. तर माझ्यावरच उखडली! नाव ‘मकलूर’ असं काहीतरी सांगते. मला चीनमधले डॉक्टर म्हणजे आपले सोलापूरचे कोटणीस एवढेच माहीत. हे मकलूर कोण? आणि चीन सोडून रतलामला कसे आले?

जुना महूकर
आत्याबाईंचं बरोबर आहे. डॉ. रॉबर्ट मॅक्लुअर. जन्म १९००चा, म्हणजे चीनमध्ये परदेशी लोक आणि मिशनऱ्यांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावाचं साल. वडीलही चीनच्या होनान प्रांतात मिशनचे डॉक्टर, त्यामुळे पोराचं बालपण तिकडचंच. पुढे स्वतः तिथेच सर्जन झाले. जपानशी युद्ध पेटल्यावर रेडक्रॉसचं काम, १९४१पासून क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथ) मंडळींच्या अँब्युलन्स पथकाचं. कम्युनिस्ट सत्तेत आल्यावर तर दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळ्याच परदेशी मिशनऱ्यांना गाशा गुंडाळावा लागला. हे मधली काही वर्षं गाझात होते, मग १९५४ ते १९६७ रतलाम.

रतलामच का? कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने १८७७ला महू-इंदुरात काम सुरू केलं आणि १८८८ला होनानात. आपलं क्रिश्चियन कॉलेज त्यांचंच. एका घरच्या दोन चुली म्हणा ना.

सराफ्यातली सून
सेवा केली, मान्य. गोफर्थ नावाच्या त्यांच्या पाद्र्याने १९००मध्ये होनानातून पळताना तलवारीचे वार झेलले, तेही खरं. पण लोक एवढे का चिडले होते? मिशनऱ्यांना चीनच्या आतल्या भागात शिरायची मुभा मिळाली ती दुसऱ्या अफू युद्धानंतरच्या तहांनी. आणि चीनला जाणारी बरीचशी अफू कुठली? आपल्या माळव्याची! इंदूर-रतलामच्या किती हवेल्या त्या पैशावर उभ्या राहिल्या ते जुन्या लोकांना विचारा.

छावनीकर, इंदूर
आत्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. डॉक्टरांचं नाव ऐकून नुसती मान हलवली, ‘मी सांगत नव्हते?’ अशी. अफूचं आलं तशी म्हणाली, “त्यात काय, आमच्या घरीही डबीत असायची. बाळगुटीत उगाळायला.”