सोन्याच्या बदल्यात लोखंड: जुन्या बाजारात मिळालेलं १९१६ चं जर्मन पदक

ओवी_हॅनोव्हर

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी लाइने नदीकाठच्या जुन्या बाजारात गेले होते. बटणं, किल्ल्या, तुटक्या साखळ्या भरलेल्या एका पत्र्याच्या डब्यात हाताला एक काळं लोखंडी पदक लागलं. चारेक सेंटिमीटर रुंद. एका बाजूला गुडघे टेकलेली बाई आपले दागिने पुढे करते आहे आणि कडेने लिहिलंय "इन आयझर्नर त्साइट, १९१६", म्हणजे लोखंडी काळात. मागे ओकची फांदी आणि "सोनं दिलं रक्षणासाठी, लोखंड घेतलं मानासाठी" अशा अर्थाची ओळ. विकणाऱ्या काकांनी सहा युरो घेतले.

घरी आले आणि आजीच आठवली. १९६२ च्या चीन युद्धात तिने संरक्षण निधीला दोन पाटल्या दिल्या होत्या. त्याची पावती अजून आमच्या देवघरात, पोथीत घडी करून ठेवलेली आहे. म्हणून विचारते, या जर्मन बायकांना सोन्याच्या बदल्यात फक्त हे लोखंडच मिळालं का? आणि पहिल्या महायुद्धात एवढे कारखाने असलेल्या देशात लोक उपाशी कसे मेले? पदकाला एका कडेला गंज चढलाय, लिंबू-मिठाने घासलं तर चालेल का?

आगगाडी

कल्पना १९१६ ची नाही, शंभर वर्षं जुनी आहे. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी प्रशियाच्या राजघराण्यातल्या मारियाने हिने बायकांना दागिने द्यायचं आवाहन केलं होतं. बदल्यात लोखंडी दागिने मिळायचे आणि ते घालून मिरवणं मानाचं होतं. पहिल्या महायुद्धात तीच घोषणा पुन्हा बाहेर काढली. सोनं राइशबँकेत, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेत, जमा व्हायचं. बाकीचं शेवंतीताई सांगतील, त्या रूहर या कोळसा-कारखान्यांच्या भागात इतकी वर्षं आहेत.

शेवंती

ओवी, फक्त लोखंड नाही. सोन्याचं वजन करून त्याची किंमत कागदी मार्कांत देत आणि वर हे पदक. ते कागदी मार्क पुढे कुठे गेले ते शेवटी सांगते.

मी १९८६ पासून बोखुमजवळ राहते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, जन्म १९०८ चा. मी इथे नवी असताना एकदा बाजारातून श्टेकर्यूबं आणलं. शलगमाचाच थोराड, पिवळसर भाऊ. म्हटलं, आपल्या नवलकोलासारखी भाजी होईल. हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि आजींना जेवायला बोलावलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, काटा खाली ठेवला आणि न बोलता उठून खाली गेल्या. मला वाटलं, फोडणीचा वास बाधला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर आल्या आणि दोन तास बसल्या. म्हणाल्या, वास फोडणीचा नव्हता गं, तो सतराच्या हिवाळ्याचा होता.

त्या तेव्हा आठ वर्षांच्या. वडील आघाडीवर, आई तोफगोळ्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला. पहाटे चारला ही मुलगी पावाच्या रांगेत उभी राहायची. आई कामाला निघताना चुलीत वीट तापत ठेवायची, ती चिंधीत गुंडाळून मुलगी कोटाच्या खिशात घालायची. ती वीट निवेपर्यंत आई पाळी संपवून यायची आणि मुलगी शाळेत जायची. त्या फेब्रुवारीत तर शाळाच बंद पडल्या, कारण कोळसा नव्हता. ज्या गावाखाली कोळशाच्या खाणी, त्या गावात चूल पेटवायला कोळसा नाही! कालवे गोठलेले, रेल्वेचे डबे सैन्याच्या कामी लागलेले, त्यामुळे खणलेला माल हलतच नव्हता.

पावाचं कार्ड बर्लिनमध्ये १९१५ च्या सुरुवातीलाच आलं होतं. मग बटाटा, चरबी, दूध, साबण, एकेक वस्तू कार्डावर गेली. पिठात बटाटा मिसळायचे आणि त्या पावाला 'के-ब्रोट' म्हणायचे. १९१६ चा पावसाळी शरद आला, बटाट्याला करपा लागला आणि पीक जवळपास निम्म्यावर आलं. बटाट्याच्या जागी जनावरांना घालायचं हे श्टेकर्यूबं कार्डावर मिळू लागलं. त्याचं सूप, त्याचे वडे, त्याचा मुरंबा, वाळवून भाजून त्याचीच कॉफी. पावातही तेच. सगळं पाणीच ते, पोट भरल्यासारखं वाटायचं आणि तासाभरात पुन्हा कळवळायचं. आजी म्हणायच्या, भूक आठवत नाही, पण भिंतींना, उशीला, आईच्या केसांना येणारा तो वास आठवतो.

रविवारी शहरातल्या बायका आगगाडीने म्युन्स्टरकडच्या खेड्यांत जायच्या. याला 'हाम्सटर्न' म्हणतात. हॅमस्टर गालात दाणे भरून नेतो ना, तसं. शेतकऱ्याला पैसे नको असायचे. त्याला चादरी, घड्याळ, बूट द्यावे लागत. आजींच्या आईने लग्नातला टेबलक्लॉथ देऊन बटाटे घेतले आणि परकराच्या अस्तरात शिवले. परत येताना स्टेशनवर पोलिसाने अस्तर उसवायला लावलं. बटाटे फलाटावर घरंगळले आणि सगळे जप्त झाले. एकच आजींच्या लोकरी हातमोज्यात राहिला होता. तो घरी नेऊन तिघांनी खाल्ला, सालासकट. हे सांगताना त्या आपली मूठ अशी मिटायच्या, जणू अजून आत काही आहे.

विटीदांडू

ताई, अंगावर काटा आला. पण मूळ कारण ब्रिटिश नौदलाची नाकेबंदी हेच ना? शत्रूनेच उपाशी मारलं म्हणायचं.

शेवंती

विटीदांडू दादा, नाकेबंदी होतीच आणि ती क्रूरच होती. युद्धाआधी जर्मनीला लागणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा बाहेरून यायचा, वर गुरांचा चारा आणि चिलीचं सोडियम नायट्रेट खतासाठी. ते सगळं तुटलं. पण एवढंच म्हणून थांबलं तर त्या रांगेतल्या बायकांवर अन्याय होतो, कारण त्यांना आपल्याच राज्यकर्त्यांनी काय केलं ते चांगलं ठाऊक होतं.

हवेतून नायट्रोजन घेऊन अमोनिया बनवायची हाबर-बॉशची पद्धत जर्मनीकडे १९१३ पासून होती. पण तो नायट्रोजन आधी स्फोटकांना, उरला तर शेताला. शेतातली माणसं आणि घोडे आघाडीवर. १९१५ च्या वसंतात तज्ज्ञांनी हिशेब मांडला की डुकरं माणसाचे बटाटे खातात, म्हणून लाखो डुकरं कापायला लावली. बाजारात काही आठवडे मांसच मांस, मग चरबी गायब आणि शेणखतही गेलं. सरकारने एकेका मालाचे भाव बांधले. जो माल बांध्या भावात परवडेना, तो शेतकऱ्याने गुरांना घातला किंवा मागच्या दाराने विकला. ज्याच्याकडे पैसा, त्याला सगळं मिळत होतं. राग तिथला होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्लिनच्या लिष्टेनबेर्गमध्ये लोण्यावरून दंगल झाली ती दुकानांवर चाल करून. एप्रिल १९१७ मध्ये माणशी रोजचं पीठ २०० ग्रॅमवरून १७० वर आणलं, तेव्हा बर्लिन आणि लाइपझिगचे कारखाने संपावर गेले.

आणि बायकांनी आघाडीवरच्या नवऱ्याला हे लिहायचंही नाही. अशा पत्रांना 'यामरब्रीफं', रडगाण्याची पत्रं, असं नाव ठेवलं होतं. मुलांच्या भुकेची बातमी बापाला देणं हे रडगाणं? मला हे वाचून आजही चीड येते. उपासमारीने आणि त्यातून आलेल्या आजारांनी किती गेले याचे अंदाज सव्वाचार लाखांपासून साडेसात लाखांच्या वरपर्यंत आहेत. आजींचा धाकटा भाऊ त्यात होता. चार वर्षांचा.

आगगाडी

एक भर घालतो. आपण इथे युरोपात दरवर्षी मार्चअखेर घड्याळ तासभर पुढे करतो ना, ते देशभर पहिल्यांदा जर्मनीतच केलं, ३० एप्रिल १९१६ ला, दिवाबत्तीचं इंधन वाचावं म्हणून. आणि कोलोनमध्ये अन्नपुरवठा सांभाळणाऱ्या कोनराड आडेनाउअर यांनी मक्याच्या पिठाचा पाव आणि सोयाचं सॉसेज काढलं होतं. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर.

ओवी_हॅनोव्हर

ताई, बराच वेळ पुढे काही वाचवलंच नाही. पण ते कागदी मार्क?

शेवंती

हो, ते राहिलं. युद्धाचा खर्च करांपेक्षा कर्जावर चालवला. दर सहा महिन्यांनी एक, असे नऊ युद्धरोखे निघाले, पाच टक्के व्याजाचे, मिळून साधारण ९८ अब्ज मार्क. शाळेतली मुलंसुद्धा गल्लाफोड करून पैसे आणायची. आजींच्या आईने आपली सोन्याची साखळी दिली होती, तिचे आलेले मार्क त्यातच घातले. हरलेल्या शत्रूकडून वसूल करून परत देऊ, असं सांगितलेलं. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४ लाख २० हजार कोटी. रोख्यांचा कागद चूल पेटवायच्या लायकीचा राहिला. आजींच्या घरात त्या सोन्यातून उरलं ते तुझ्या हातात आहे तसलंच पदक. शिवणाच्या डब्यात, रिळांखाली असायचं. आई मेल्यावर ते फेकायला निघालेल्या, मग ठेवलं.

गंजाचं म्हणशील तर लिंबू-मीठ अजिबात नको. वरचा काळा थर मुद्दाम दिलेला आहे, तो निघाला की आतलं लोखंड भराभर गंजेल. मऊ कोरड्या ब्रशने कडेची भुकटी झाड, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब फडक्यावर घेऊन हलकं पूस आणि कागदी पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये नको. आणि आजीची पावती पोथीत आहे ना, तिचीही घडी उघडून सपाट ठेव. जुना कागद घडीवरच आधी फाटतो.