मदत हवी आहे: काजूचे चार लॉट, कुठला आधी लावू?

किनारा_७: वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. चार लॉट पडून आहेत. आले त्या क्रमाने लावले की पीलिंग मशीन सुरुवातीला रिकामं आणि शेवटी रात्रभर जागरण. कुठला आधी लावू? उद्या सुरू करायचंय, लवकर सांगा.

रानमेवा: कुठल्या लॉटला किती तास, ते तर सांगा.

किनारा_७: आधी कटिंग (बी फोडणं), मग पीलिंग (गराची साल काढणं). दोन्हींचे तास त्याच क्रमाने: अ ६-३, ब २-५, क ४-६, ड ५-२. मशीन एकेकच.

तिठ्यावरचो: माका विचारशात तर दुसरी कटिंग मशीन घेवा. आमच्याकडे दोन हत, काम कधी अडला नाय.

गणितमास्तर: पैसे नका घालवू. एकामागून एक दोन मशीनवर जाणाऱ्या कामांचा सगळ्यात कमी वेळाचा क्रम काढायचा जॉन्सनचा १९५४ चा नियम आहे. सगळ्यात लहान आकडा बघा. तो कटिंगचा असेल तर लॉट सुरुवातीला, पीलिंगचा असेल तर शेवटाला. मग उरलेल्यांत पुन्हा तेच. ब, क, अ, ड येतं. तुमच्या क्रमाने २२ तास, याने १९.

रानमेवा: मास्तर, मधला बोर्मा (गर वाळवायची भट्टी) कुठे गेला? कटिंग झाल्यावर गर वाळवल्याशिवाय साल सुटेल का? बोर्म्यात एका वेळी एकच लॉट मावत असेल तर ते तिसरं मशीन झालं, तुमचा नियम तिथे संपला.

किनारा_७: हो, ८ तास वाळवतो. ते सगळेच करतात म्हणून लिहिलं नाही. ट्रे भरपूर आहेत, चारही लॉट मावतात.

गणितमास्तर: मग क्रम तोच. सगळ्यांना सारखेच ८ तास, एकूण २७ होतील.

आंबोळी: ओले काजूगर आहेत का कोणाकडे? पाव किलो चालतील.

सल्लागार_रत्नागिरी: पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. कर्जासोबत मिळतं.

तिठ्यावरचो: बघा! अनुदान हा, मशीन घेवाच.

गणितमास्तर: मशीन वाढवलं की वेळ कमी होतोच असं नाही. कामांना आधी-नंतरच्या अटी असतील आणि मोकळ्या मशीनला यादीतलं पुढचं काम देत गेलात, तर वेळ उलट वाढूही शकतो. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहमने १९६६ मध्ये दाखवलंय.

किनारा_७: अटीवरून आठवलं, व्यापाऱ्याला ड हा अ च्या आधी हवा.

रानमेवा: हे पहिल्यांदाच सांगायचं ना!

गणितमास्तर: ब, क, ड, अ लावा. २८ तास. एकच तास जास्त, आणि अ शेवटी असताना याहून कमी होत नाही: कटिंगचे १७, वाळवणीचे ८, अ च्या पीलिंगचे ३.

किनारा_७: उद्या सकाळी ब चढवतो.

रानमेवा: वाळलेले गर उघडे ठेवू नका, पावसाळी हवेत ओल धरली की साल चिकटते. क ला पीलिंगसाठी थांबावं लागणार आहे.