मदत हवी आहे: टी ट्री तेलाने लेकीचा गाल भाजला, आता पुढे काय करू?

नमस्कार. एरवी नुसती वाचत असते, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

लेक सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला मुरुमं आहेत. कपाळावर बारीक पुरळ, गालांवर आणि हनुवटीवर लाल, पू धरणाऱ्या पुळ्या. डॉक्टरांनी अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल दिलं होतं. तीन आठवड्यांत त्वचा कोरडी पडली, उशीच्या अभ्र्याचा रंग उडाला आणि तिने ते सोडून दिलं. "आई, काहीतरी नैसर्गिक बघ ना," म्हणून मागे लागली.

मग मी वाचायला बसले. मुरुमांतला जिवाणू म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत, त्यामुळे जुनं काही शोधायचं तर दोन्ही नावं टाकावी लागतात. प्रयोगशाळेत त्याच्यावर टी ट्री, लवंग, दालचिनी, थाइम, ओरेगॅनो अशी कितीतरी तेलं चालतात. थाइममधला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हॅक्रॉल जिवाणूच्या आवरणात घुसून ते खिळखिळं करतात आणि आतला ऐवज बाहेर गळतो. एवढं वाचल्यावर माझी खात्रीच पटली.

टी ट्रीची बाटली घरात होती. कापसाच्या काडीने, काहीही न मिसळता, रात्री मोठ्या पुळ्यांवर लावलं. चार दिवस पुळ्या सुकल्यासारख्या दिसल्या. पाचव्या दिवशी सकाळी डाव्या गालावर अंगठ्याच्या नखाएवढा लालभडक चट्टा, कडेला बारीक पाण्याचे फोड. आज दहा दिवस झाले. फोड बसले, पण कातडीचे पापुद्रे निघताहेत आणि खाली तपकिरी डाग दिसतोय. ती केस गालावर ओढून बसते. माझ्या भरवशावर तिने गाल पुढे केला होता, हे मनातून जात नाही.

तेल पातळ करून पुन्हा वापरावं का? की दुसरं एखादं सौम्य तेल बघू? नातेवाईक लवंगेचं सुचवताहेत. आणि हा डाग जाईल ना?

प्रतिसाद

ताई, आधी एक सांगा. बाटली उघडून किती दिवस झालेत, आणि ठेवली कुठे होती?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टी ट्री तेल निरुपयोगी नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर पाच टक्के टी ट्री जेल आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली होती. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्वचेवरचे दुष्परिणाम कमी झाले. मात्र ते जेल पाच टक्क्यांचं होतं. तुम्ही लावलंत ते शंभर टक्के, म्हणजे वीसपट.

दुसरं म्हणजे काचेच्या बशीत तेल आणि जिवाणू समोरासमोर असतात. चेहऱ्यावर तसं नसतं. हा जिवाणू रंध्राच्या आत, तेलकट स्रावात, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो तिथे राहतो. वरून लावलेलं तेल बरंचसं उडून जातं. शिवाय तो निरोगी चेहऱ्यावरही असतोच. जास्तीचा स्राव, तोंड बुजलेलं रंध्र आणि दाह हे सगळं जुळून आलं की मुरुम होतो. त्यामुळे निव्वळ जिवाणू मारून भागत नाही.

लवंग, दालचिनी, ओरेगॅनो चेहऱ्याला अजिबात नको. ही तेलं जिवाणूवर जहाल आहेत, तशीच कातडीवरही.

धागाकर्ती

बाटली दीड वर्षापूर्वी उघडलेली आहे. न्हाणीघरात, खिडकीच्या कट्ट्यावर होती. आत्ता उघडून पाहिली तर झाकणाच्या आट्यांवर चिकट थर आहे आणि वास पूर्वीपेक्षा उग्र येतोय. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नावही नाही.

प्रतिसाद

मग उलगडा झाला. उजेड आणि हवा लागून टी ट्री तेलाचं ऑक्सिडीकरण होतं. त्यातून ॲस्कॅरिडोलसारखी द्रव्यं तयार होतात आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांची. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तसंच होतं, त्यामुळे 'सौम्य तेल' म्हणून त्याच्याकडे वळू नका. ती बाटली आजच टाकून द्या. चांगल्या बाटलीवर मेलॅल्युका अल्टर्निफोलिया हे नाव असतं, काच गडद असते.

आणखी एक प्रतिसाद

माझ्या भाच्याला असंच झालं होतं, म्हणून कळवळून लिहितेय. फोड आले म्हणजे ॲलर्जी असू शकते. तशी असेल तर पातळ केलेलं तेलही पुन्हा चट्टा उठवतं, म्हणून डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय टी ट्री असलेला फेसवॉशसुद्धा नको. सध्या त्या जागी साधं व्हॅसलीन लावा. पापुद्रे ओढू देऊ नका. त्वचा भरून आली की बाहेर जाताना सनस्क्रीन लावाच, नाहीतर डाग गडद होतो. असे डाग बहुतेक वेळा फिके पडतात, पण महिने लागतात. हे तिला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे ती रोज आरशात मोजत बसणार नाही.

बेन्झॉइल पेरॉक्साइडही कायमचं सोडू नका. गाल बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारा, पाच-दहा मिनिटं लावून धुऊन टाकलं तर चालेल का. आमच्याकडे तेवढ्यानेच जमलं. टॉवेल आणि अभ्रे पांढरे वापरायचे, म्हणजे रंग उडायची भीती नाही.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. बाटली टाकली. गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. बाटलीच्या लेबलचा आणि पहिल्या दिवशीच्या चट्ट्याचा फोटो सोबत नेतेय. लेकीला शेजारी बसवून वरचं सगळं वाचून दाखवलं. महिने लागतील हे ऐकून रडली, मग म्हणाली, "पण जाईल ना." आता तिचा एकच प्रश्न आहे, तोही विचारून टाकते: तोपर्यंत चेहरा धुवायला काय वापरू? तिच्याकडच्या दोन्ही फेसवॉशमध्ये टी ट्री आहे.